लाटसाहेब, जंगी लाट आणि ‘लॉर्ड जॉर्ज कर्झन’

प्रश्न असा आलाय की ‘लॉर्ड जॉर्ज कर्झन’ असं लिहिलेलं चालतं का, आणि लाटसाहेब मधल्या लाटेचा समुद्राच्या लाटेशी काही संबंध आहे का.

पहिल्याचं उत्तर नाही. चालत नाही, कधीच चालत नव्हतं, तरी स्पर्धा परीक्षांच्या नोट्सपासून व्हॉट्सॲप फॉरवर्डपर्यंत सगळीकडे हेच दिसतं. ‘लॉर्ड’ आणि आडनाव यांच्या मधे पहिलं नाव घुसवता येतं ते फक्त ड्यूक किंवा मार्क्वेस, म्हणजे ब्रिटिश सरदारकीच्या सगळ्यात वरच्या दोन पायऱ्या, यांच्या धाकट्या मुलांच्या बाबतीत. चर्चिलचे वडील लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, कारण ते ड्यूकचे धाकटे चिरंजीव, आणि तो लॉर्ड नुसता मानाचा असल्यामुळे ते आरामात हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, बसायचे. कर्झनचे वडील साधे बॅरन, म्हणजे सगळ्यात खालची पायरी, म्हणून 1898 पर्यंत हा गृहस्थ मिस्टर कर्झन. व्हाइसरॉय म्हणून नेमल्यावर त्याला बॅरन केलं आणि तो लॉर्ड कर्झन झाला, मधे जॉर्ज नाही. आणि ‘लॉर्ड वॉरन हेस्टिंग्ज’ लिहिणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, वॉरन हेस्टिंग्ज कधीच लॉर्ड नव्हता हो! 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा गव्हर्नर जनरल असलेला लॉर्ड हेस्टिंग्ज हा वेगळा माणूस.

लॉर्डचा जुन्या इंग्रजीतला अर्थ भाकरीचा राखणदार, म्हणजे आपला पोशिंदा, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं, ते सोडून देऊ. खरी मजा लॉर्डवरून आलेल्या लाटमध्ये आहे. हा लाट पुल्लिंगी, तो लाट. समुद्राची ती लाट, तिच्याशी काही नातं नाही. लॉर्डमधला र साहेब उच्चारतच नाही, त्यामुळे आपल्या कानाला लाड किंवा लाट असंच काहीतरी ऐकू येणार. मग ड चा ट का झाला? गार्डचं गारद झालं तिथे शेवटी द आला, ट नाही आला. मला वाटतं लाड हा शब्द आधीच लाडाकोडात अडकलेला होता, लाडसाहेब म्हटलं तर दरारा कुठून येणार, आणि उत्तरेत उंच दगडी खांबाला लाट म्हणतातच, अशोकाची लाट वगैरे, तर त्या खांबासारखा ताठ उभा असलेला साहेब लोकांना लाट वाटला आणि तोच उच्चार पक्का झाला. ही माझी थिअरी आहे, पण मला ती पटते.

काही जाणकार ठासून सांगतात की लाट लेफ्टनंटवरून आला, कारण बंगालात लेफ्टनंट गव्हर्नरला छोटे लाट म्हणायचे. अहो पण मग बडे लाट म्हणजे व्हाइसरॉय, तो कुठे लेफ्टनंट होता? बिशपला लाट पाद्री म्हणायचे, त्याचा लेफ्टनंटशी काय संबंध? बिशपला ‘माय लॉर्ड’ म्हणतात, इतकं सरळ आहे. हे उदाहरण समोर ठेवलं की ती व्युत्पत्ती तिथेच संपते, तरी पुढच्या वेळी पुन्हा तीच ऐकायची.

म्हणजे लॉर्ड ही पदवी, पण लाट हा हुद्दा. जॉन लॉरेन्स 1864 ते 1869 व्हाइसरॉय होता तेव्हा नुसता सर, तरी लोकांसाठी बडा लाटच. आणि सरसेनापती तो जंगी लाट. इथे जंगी म्हणजे जंगचा, लढाईचा. हल्ली जंगी सभा, जंगी स्वागत इतकं ऐकतो की जुन्या मजकुरात ‘जंगी लाट’ आलं की लोक प्रचंड मोठी लाट असं वाचतात, फार वाईट वाटतं.

कर्झनची कारकीर्द या दोन शब्दांतच बसते बघा. 1899 ला तो मुलकी लाट म्हणून आला, 1902 ला जंगी लाट किचनेर आला, आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये लष्कराच्या कारभाराचा वेगळा सदस्य असावा का नको यावरून दोघांची जुंपली. लंडनने जंगी लाटाची बाजू घेतली आणि 1905 ला, बंगालची फाळणी होत असतानाच, कर्झनने राजीनामा दिला. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसमध्ये गोखल्यांनी त्याच्या राजवटीची तुलना औरंगजेबाशी केली. पण 1904 चा प्राचीन वास्तूंच्या जतनाचा कायदाही त्याच्याच काळातला, हे श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

1898 ची बॅरनकी त्याने मुद्दाम आयर्लंडची घेतली होती, म्हणजे परतल्यावर पुन्हा कॉमन्सची निवडणूक लढवता यावी. ते काही झालं नाही, 1908 ला तो आयरिश सरदारांचा प्रतिनिधी म्हणून हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला, मग 1911 ला अर्ल, 1921 ला मार्क्वेस, मधे 1919 पासून परराष्ट्रमंत्री. मे 1923 मध्ये बोनर लॉने पंतप्रधानपद सोडलं, कर्झनला लंडनला बोलावणं आलं, तो ते पद आपल्यालाच मिळणार या खात्रीने ट्रेनने निघाला, आणि तिथे कळलं की राजाने बाल्डविनला निवडलंय. एक मोठं कारण हे की पंतप्रधान कॉमन्समधला हवा. जन्मभर चढवत नेलेली लॉर्डकी तिथे आडवी आली. 1925 ला तो वारला.

तर लेखात ‘लॉर्ड कर्झन’ लिहा. पूर्ण नाव हवंच असेल तर ‘जॉर्ज नॅथॅनियल कर्झन’, तेव्हा लॉर्ड गाळा.