गाल आतून चावला गेलाय, पांढरं दिसतंय, घरी काय करू?

तुम्ही लिहिलंय की परवा घाईत जेवताना गाल आतून चावला गेला, बरंच रक्त आलं, ते थांबलं पण आता तिथे पांढरट थर दिसतोय, मग पू झालाय का आणि काय लावायचं. मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेळा येतो की उत्तर पाठ झालंय.

तो पू नाहीये. तोंड कायम ओलं असतं त्यामुळे बाहेरच्या जखमेसारखी तपकिरी खपली आत धरत नाही, हा पांढरा-पिवळसर पातळ थरच तिथली खपली. लोक काय करतात, आरशासमोर उभं राहून गाल बाहेर ओढून बघतात, नखाने नाहीतर ब्रशने तो थर खरवडतात आणि मग परत रक्त. राहू दे तो तिथेच. पू असेल तर सूज रोज वाढत जाते, ठणका लागतो, घाण वास येतो, ताप येऊ शकतो, तसं काही असेल तरच डॉक्टरकडे पळा.

पुढच्या वेळेसाठी सांगते, रक्त येत असताना सारखं थुंकायचं नाही आणि चुळा पण भरत बसायच्या नाहीत. एकदा गार पाण्याने चूळ भरून घ्यायची आणि स्वच्छ सुती रुमालाची घडी किंवा गॉज ओला करून जखमेवर दाबून धरायचा, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही, सगळे तिथेच फसतात, दर मिनिटाला बघतात आणि म्हणतात रक्त थांबतच नाही. कापूस नको, त्याचे धागे चिकटतात. थुंकीत मिसळलं की चमचाभर रक्तसुद्धा भरपूर वाटतं त्यामुळे घाबरायला होतं. नंतर बाहेरून गालाला कपड्यात गुंडाळलेला बर्फ, त्याने सूज कमी येते आणि ते महत्त्वाचं आहे, कारण सुजलेला भाग दातांच्या मध्ये येतो आणि परत तिथेच चावला जातो. म्हणून चार दिवस दुसऱ्या बाजूने चावा, लहान घास घ्या आणि जेवताना गप्पा कमी.

आता तुम्ही करायचं एवढंच, ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक जेवणानंतर हलक्या गुळण्या. जास्त मीठ टाकलं की लवकर बरं होतं असं नाही, नुसतं झोंबतं. हळद, मध लावायचा तर लावा, तसा त्रास नाही (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही), पण लाळेने पाच मिनिटांत वाहून जातो. लवंगेचं तेल उघड्या जखमेवर नको, भाजतं. आणि काही जण अ‍ॅस्पिरिनची गोळी तिथे दाबून ठेवतात, ते तर मुळीच करू नका, आतली कातडी पांढरी पडून जळते, मी बघितलंय. अल्कोहोलवाला माउथवॉशपण सध्या बाजूला ठेवा. दहीभात, गार केलेली पेज, मऊ खिचडी चालेल, ठेचा, लिंबू, चिवडा, पापड नंतर.

तोंडातली जखम बाहेरच्यापेक्षा लवकर भरते, तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो आणि लाळेतही जखम भरायला मदत करणारे घटक असतात. छोटा काप चार-पाच दिवसांत हुळहुळायचा थांबतो, आठवड्याभरात सापडतही नाही.

दवाखान्यात कधी जायचं तर पंधरा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल, जखम उघडी फाकलेली असेल, गालातून किंवा ओठातून आरपार गेली असेल, काच वगैरे आत असेल, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर. लहान मूल तोंडात पेन्सिल, ब्रश धरून पडलं आणि टाळ्याला, घशाकडे लागलं असेल तर रक्त कमी दिसलं तरी न्याच. उलट वरच्या ओठाच्या आत मधोमध जी पट्टी असते ती पडल्यावर फाटली की रक्त धो धो येतं पण बहुतेक वेळा टाके लागत नाहीत, फक्त ओठ वर करकरून बघू नका. आणि दाढेचं काम करून आल्यावर पोरं बधिर ओठ गंमत म्हणून चघळत बसतात, संध्याकाळी ओठ हा एवढा, तेव्हा बधिरपणा उतरेपर्यंत लक्ष ठेवा आणि खायला देऊ नका.

एक विचारायचं राहिलं, दर वेळी तीच जागा चावली जाते का? तसं असेल तर अक्कलदाढ बाहेरच्या बाजूला आलेली असते किंवा एखाद्या दाताची कड तुटून धारदार झालेली असते, जिभेने चाचपून बघा, कळतं. ती धार घासून देतात, छोटंसं काम आहे. आणि दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर दाखवाच, तंबाखू-गुटखा चालू असेल तर जास्तच, तिथे घरगुती काही करत बसू नका.