मुद्दाम करतो का हा?

"एवढं जीव लावतो आम्ही, तरी असा का वागतो? मुद्दाम करतो का?" असं विचारणारे पालक मला नेहमी भेटतात. सात वर्षांच्या एका मुलाच्या आईनंही हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा दत्तक आला तेव्हा अडीच वर्षांचा होता. त्याआधी उपासमार, मारहाण आणि सतत बदलणारी माणसं एवढंच त्याच्या वाट्याला आलं होतं. आता घर मायेचं होतं. तरीही शाळेची घंटा वाजली की तो कान दाबून बाकाखाली शिरायचा. कॉलर चावून ओली करायचा. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर फटकन मारायचा, आणि आईला मिठी मारताना मात्र तिला दुखेल इतकं आवळायचा. शाळेच्या मते तो बेशिस्त होता, आजीच्या मते लाडावलेला.

मी आईला काही दिवस फक्त टिपून ठेवायला सांगितलं: भडका उडण्याआधी कोणते आवाज होते, किती माणसं होती, त्यानं शेवटचं कधी खाल्लं होतं. बहुतेक भडके शाळेतून आल्यावर, रिकाम्या पोटी उडत होते. विचारलं तर "भूक नाही" म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. भूक, तहान, छातीतली धडधड या आतल्या संवेदना ओळखायलाही मुलाला शिकावं लागतं. तान्हं बाळ रडतं, कुणीतरी येऊन उचलतं, पाजतं, थोपटतं. असं असंख्य वेळा झाल्यावर त्याला हळूहळू स्वतःला शांत करता येऊ लागतं. रडूनही कुणी येत नसेल, किंवा येणाराच मारत असेल, तर शरीर सतत सावध राहतं. मग साधा स्पर्शही हल्ला वाटतो.

"म्हणजे नेमका आजार कोणता?" आईनं विचारलं. संवेदनांवरच्या प्रक्रियेतली अडचण (म्हणजे आवाज, स्पर्श यांसारख्या संवेदना मेंदूला नीट हाताळता न येणं) आणि लहानपणी झालेला आघात, या मुलात दोन्ही एकमेकांत गुंतलेलं होतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत यांपैकी कशालाच 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' किंवा 'डेव्हलपमेंटल ट्रॉमा डिसऑर्डर' असं स्वतंत्र निदान म्हणून स्थान नाही. म्हणून नावापाशी अडकू नका, असं मी सांगते. मात्र ऐकण्याची तपासणी करून घ्यावी, आणि ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) आहे का हे बालविकासतज्ज्ञांकडून पाहून घ्यावं. वरवर लक्षणं सारखी दिसतात.

वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. "मी ओरडलो की लगेच गप्प होतो. म्हणजे कळतं त्याला." त्या वेळी तो कसा दिसतो, असं मी विचारलं. नजर एकाच जागी, हात गार, हाक मारली तरी ओ नाही. हे शांत होणं नव्हे, हे भीतीनं गोठणं आहे. मोठ्यांना यात शिस्त दिसते आणि मुलाच्या भीतीत आणखी भर पडते. माझ्या मते अशा घरात सर्वांत आधी थांबायला हवं ते हे ओरडणं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग त्यानं मारलं तरी काहीच बोलायचं नाही?"

बोलायचं, पण नंतर. त्या क्षणी "मी मारू देणार नाही" एवढंच, हळू आवाजात, थोडं लांब जमिनीवर बसून. समजावणं तो पूर्ण शांत झाल्यावर. घाबरलेल्या मेंदूपर्यंत युक्तिवाद पोचत नाही.

बाकी बदल साधे होते. शाळेतून आल्यावर न विचारता खाणं पुढे ठेवायचं. मग भिंत ढकलणं, जड पिशवी उचलणं, कारण स्नायू आणि सांध्यांवर ताण आला की त्याचं शरीर स्थिरावायचं. घट्ट मिठीतून तो तेच शोधत होता. वर्गात पाठीशी भिंत असलेली जागा, घंटेआधी बाईंची खूण, आणि आधी हाक, मगच स्पर्श.

काही महिन्यांनीही तो कान झाकतो. पण आता कधीकधी "आवाज खूप झाला" म्हणून आईजवळ येतो. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांतून आणि हालचालींतून दिले जाणारे उपचार, सुरू आहे. आघातावरचं काम आम्ही आता कुठे सुरू केलंय, आणि त्या सत्रांना वडीलही येतात.