प्रार्थनेत काहीच वाटत नाही, मग देवाला ओळखायचं कसं?

पत्र: मी पुण्यात राहते. माहेर-सासर दोन्ही ख्रिस्ती. दर रविवारी उपासनेला जाते, गीतं तोंडपाठ आहेत, पण प्रार्थनेत काहीच वाटत नाही. पवित्र शास्त्र (बायबल) पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की दर वेळी लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकते. मैत्रिणीच्या प्रार्थनासभेत सगळे रडतात. मला रडू येत नाही, म्हणून ती म्हणते तुझा विश्वासच कमी. शिवाय पैशांवरून वर्षभर जावेशी अबोला आहे. देवाला ओळखायचं तरी कसं? – एक वाचक

उत्तर: ताई, डोळ्यांत पाणी आलं तरच विश्वास खरा, हे माप शास्त्रात कुठेच नाही. स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र काढा. जेमतेम सहा ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत स्तोत्रकर्ता देवाला ‘कोठवर?’ असं चारदा विचारतो. ८८वं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं. ही दोन्ही उपासनेचीच स्तोत्रं आहेत. त्यामुळे ‘प्रभू, मला काही वाटत नाही’ एवढंच म्हणालात तरी ती प्रार्थना झाली. (जेवण, झोप, काम कशातच आठवडेन् आठवडे मन लागत नसेल, तर मात्र डॉक्टरांना भेटा. तो विश्वासाचा प्रश्न नाही.)

लेवीयात बहुतेक सगळेच अडकतात. त्याआधीच्या उत्पत्ती या पुस्तकात आणि निर्गमाच्या पूर्वार्धात गोष्ट पुढे सरकते, मग एकदम अर्पणांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम सुरू होतात. ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा आणि येशूची गोष्ट सांगणारं मार्काचं शुभवर्तमान घ्या. अध्याय १६च. रोज अर्धा वाचलात तर महिनाभरात संपेल. मोठ्यानं वाचा. घरातल्या प्रतीची भाषा जड वाटत असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या. वाचताना ‘यातून मला काय मिळालं’ हे विचारू नका. येशू कोणाजवळ थांबतो, कोणावर रागावतो, कोणाला हात लावतो ते पाहा. पहिल्याच अध्यायात तो कुष्ठरोग्याला शब्दानं बरं करू शकला असता, तरी हात पुढे करून स्पर्श करतो. ख्रिस्ती माणसाला देवाची ओळख होते ती अशी, ख्रिस्ताकडे पाहून.

वेळ १५ मिनिटं पुरे. उत्साहात तासभर ठरवलं की चौथ्या दिवशी सगळंच बारगळतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन मिनिटं गप्प बसा, एक स्तोत्र वाचा, मग मार्क, मग प्रार्थना. प्रार्थनेची मागण्यांची यादी होत असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायातली प्रभूची प्रार्थना घ्या आणि एकेका ओळीवर थांबा. तिथे आधी पित्याचं नाव, राज्य, इच्छा. रोजची भाकर त्यानंतर. तुम्हीही त्याच क्रमानं चला. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

रविवारी दहा मिनिटं आधी पोहोचा आणि त्या दिवशीची गीतं न गाता नुसती वाचा. पाठ असलेलं गीत तोंड म्हणतं आणि मन घरच्या स्वयंपाकात असतं. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नंतर मराठी मंडळीला अभंग-भजनं दिली. ती घरी संथपणे म्हणून बघा, चालीपेक्षा शब्दांकडे लक्ष जाईल. मैत्रिणीच्या सभेला जायचं तर जरूर जा, पण रडू आणायचा प्रयत्न करू नका.

आता जावेचं. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो की वेदीजवळ आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी जाऊन समेट करावा. चूक कोणाची, याची चौकशी तिथे नाही. पुढच्या प्रभुभोजनाच्या (मंडळीतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आत तिच्याकडे जा. व्हॉट्सअॅपवर लिहू नका, लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं जातं आणि त्यातून भलतेच अर्थ निघतात. फक्त तुमच्या तोंडून गेलेल्या शब्दांबद्दल बोला, ‘पण तूही...’ आलं की भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू. ती बोललीच नाही, तर पौलाच्या पत्रातलं रोमकरांस १२:१८ आहेच: शक्य असेल तर, आपल्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीनं राहा. आणि पैशांचा हिशेब त्या दिवशी काढू नका. तो वेगळ्या दिवशी, दोघा भावांना समोर बसवून, कागदावर करा.