संत बोनिफेसने एक झाड तोडलं आणि जर्मनी ख्रिस्ती झाला, हे खरं आहे का?

झाड तोडलं हे बहुधा खरं, पण तेवढ्याने जर्मनी ख्रिस्ती झाला नाही.

७२३च्या सुमारास जर्मनीतल्या हेस प्रांतात गाइस्मारला या धर्मप्रचारकाने डोनार या मेघगर्जनेच्या देवाचा पवित्र ओक पाडला. चरित्रकार विलिबाल्ड म्हणतो, जरा घाव बसताच वाऱ्याने खोडाचे चार तुकडे झाले. हा मीठमसाला सोडून द्या. त्याच लाकडाचं त्याने संत पीटरच्या नावे प्रार्थनाघर बांधलं. देवाने वीज पाडली नाही हे लोकांनी पाहिलं खरं, पण फ्रँक या तेव्हाच्या बलाढ्य जर्मानिक लोकांचा सत्ताधीश चार्ल्स मार्टेल याचं संरक्षणपत्र बोनिफेसकडे होतं, हे विसरू नका. फ्रँक सत्ताधीशाच्या धाकाशिवाय ना धर्मगुरूंचं रक्षण करता येतं ना मूर्तिपूजा थांबवता येते, असं त्यानेच विंचेस्टरच्या बिशप डॅनियलला लिहिलंय.

मूळचा हा इंग्लंडचा विन्फ्रिड. ७१६मधली फ्रिसियातली (आजच्या नेदरलँड्सच्या किनारपट्टीवरची) पहिली धर्मप्रचार मोहीम फसली, कारण तिथला राजा राडबोड तेव्हा फ्रँकांशी लढत होता. ७१९मध्ये बोनिफेस रोमला जाऊन पोपचं अधिकृत आज्ञापत्र घेऊन आला. माझ्या मते त्याचं खरं काम कुऱ्हाडीचं नाहीच, कारभाराचं आहे: ७३९मध्ये बव्हेरियात साल्झबुर्ग, रेगेन्सबुर्ग, फ्रायझिंग, पासाऊ या धर्मप्रांतांची घडी बसवली, ७४४मध्ये शिष्य स्टुर्मकरवी फुल्डाचा मठ उभारला.

५ जून ७५४ला फ्रिसियात डोकुमजवळ तो मारला गेला. हल्लेखोरांनी सोन्याच्या आशेने पेट्या फोडल्या, निघाली पुस्तकं. फुल्डात एक ग्रंथ आहे, त्यावर खोल वार दिसतात. तोच त्याने डोक्यावर धरला होता, ही मात्र परंपरा.