'मस्ट नॉट' आणि 'नीड नॉट' दोन्हीचा अर्थ 'नये' होतो का? आणि 'हार्डली'सोबत 'नॉट' का चालत नाही?

नाही होत. तुम्ही लिहिलंय की क्लासमध्ये दोन्हीचा अर्थ 'नये' असाच सांगितला. चुकीचं सांगितलं. मलाही तसंच शिकवलं होतं आणि त्याची किंमत माझ्या घरच्यांनी मोजली, म्हणून लिहायला बसलो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याकडचा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली ते पहिलीपासून सुरू झालं, तेव्हा आम्ही हायस्कूलात होतो. सरांनी फळ्यावर लिहून दिलं: मस्ट नॉट, शुड नॉट, नीड नॉट म्हणजे 'नये'. आम्ही घोकलं.

बारावीनंतर एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून लागलो. डिसेंबरात एका संध्याकाळी काटाच बिघडला. बाहेर कापसाच्या बारा बैलगाड्या लागलेल्या. मॅनेजर आंध्रातले, त्यांना मराठी येत नव्हती. त्यांनी चिठ्ठी दिली: 'फार्मर्स नीड नॉट वेट.' मी फाटकावर जाऊन ओरडलो, "रात्री कोणी थांबू नये, साहेबांची ऑर्डर आहे."

दहा गाड्या परत वळल्या. दोघांचे बैल थकले होते, ते चहाच्या टपरीपाशीच सोडून बसले. रात्री दहाला काटा सुरू झाला आणि त्या दोघांचा माल त्याच दिवशीच्या भावाने घेतला गेला. परत गेलेल्यांना पहाटे पावसानं गाठलं. त्यात माझ्या मोठेबाबांची गाडी होती. ताडपत्री अर्ध्यावरच पुरली. ओल्या कापसाला ग्रेडरनं भाव पाडला. मोठेबाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू सांगतलं म्हून वापस गेलो बावा."

मॅनेजरांना म्हणायचं होतं की ज्याला जायचं त्यानं जावं, थांबलंच पाहिजे असं नाही. 'मस्ट' आणि 'हॅव टू' होकारात जवळजवळ सारखे असतात, नकारात त्यांची वाट वेगळी होते. 'मस्ट नॉट वेट' म्हणजे थांबायला मनाई. 'नीड नॉट वेट' किंवा 'डोंट हॅव टू वेट' म्हणजे थांबायची गरज नाही. मराठीतही हे दोन वेगळे आहेत, पण आपल्या 'नको'वर दोन्ही भार पडतात. 'थांबू नका' आपण दटावूनही म्हणतो, आणि 'जा, उगाच थांबू नका' असं मायेनंही. गोंधळ तिथून होतो. त्या गाड्यांबद्दल इंग्रजीत सांगायचं तर 'दे नीड नॉट हॅव गॉन': गेले, पण जायची गरज नव्हती. 'दे डिड नॉट नीड टू गो' म्हटलं तर गेले की नाही ते कळत नाही.

आता 'हार्डली'. मराठीत 'कधीच'ला 'नाही' जोडावंच लागतं: मी कधीच गेलो नाही. इंग्रजीत 'नेव्हर'च्या पोटातच 'नाही' आहे. हार्डली, स्केअर्सली, बेअरली (जेमतेम), सेल्डम, रेअरली (क्वचित) यांच्यातही थोडाफार नकार असतोच, म्हणून 'आय कॅन हार्डली हिअर', मध्ये 'नॉट' नाही. हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला आले की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं: 'सेल्डम डझ ही कम.' 'अमुक होतं न होतं तोच तमुक झालं' असं सांगताना 'हार्डली'ची जोडी 'व्हेन'शी, 'नो सूनर'ची 'दॅन'शी. आणि 'खूप मेहनत केली' म्हणायला 'वर्क्ड हार्ड' लिहा, 'वर्क्ड हार्डली' लिहिलंत तर जेमतेम काम केलं असा अर्थ होईल.

नंतर एका लग्नात सर भेटले. मी चिठ्ठीची गोष्ट काढली. ते म्हणाले, "खेड्यातल्या पोराले एवढं बारीक सांगून काय करतं? पास होते ना." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. शहरात एकाला नाही कळलं तर दुसऱ्याला विचारता येतं. गावात एक पोरगं चिठ्ठी वाचतं आणि त्याच्या शब्दावर दहा गाड्या वळतात. फवारणीच्या डब्यावरचं इंग्रजीही बापाला तेच वाचून दाखवतं. अमुक औषधात मिसळू नये की मिसळायची गरज नाही, एवढा फरक त्याला कळायलाच हवा. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. ते काही लेबल न समजल्यामुळे झालं असं माझं म्हणणं नाही, पण डब्यावरचा शब्द हलका घेऊ नये हे त्या वर्षापासून जास्तच वाटतं.

सरांच्या बाजूनं एक सांगतो, आमच्या वर्गात ऐंशी पोरं होती आणि सगळ्यांच्या वह्या ते स्वतः तपासायचे.

आणि हो, बोलण्यात 'डोंट हॅव टू'च जास्त चालतं, 'नीड नॉट' बहुतेक लिखाणात दिसेल. 'ही नीड नॉट गो' मध्ये 'नीड'ला एस लागत नाही, पुढे 'टू'ही येत नाही. 'ही डझ नॉट नीड टू गो' मध्ये 'टू' येतो.