युद्धात गेलेली जमीन आणि तीन मनीऑर्डरींच्या पावत्या

प्रश्न : आमचे आजोबा पुणे जिल्ह्यातले शेतकरी. 1943 साली त्यांची साडेतीन एकर जमीन वैमानिकांच्या सरावाच्या धावपट्टीसाठी लष्कराने घेतली. युद्ध संपलं, विमानं गेली. नंतर तिथे सरकारी गोदामं झाली आणि आता ती जागा खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने देणार असं कानावर येतंय. सातबारावर 'भारत सरकार, संरक्षण खाते' असं नाव आहे. आजीच्या ट्रंकेत मनीऑर्डरींच्या तीन पावत्या सापडल्या, शेवटची 1949 ची. तिच्यावर 'जमिनीचे भाडे' असं लिहिलंय. इंग्लंडमध्ये अशा जमिनी मूळ मालकांना परत देतात म्हणे. आम्हाला मिळेल का? (वाचक, हडपसर)

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटाकडे, सहज लिहून गेला आहात. त्या पावत्या प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि आधी त्यांचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. लॅमिनेट मात्र करू नका. शिवाजीनगरच्या कोर्टात लॅमिनेट केलेले कागद घेऊन येणारे पक्षकार मी नेहमी बघतो. पुढे कधी शाई-कागद तपासायची वेळ आली तर पंचाईत होते.

सरकार जमीन दोन तऱ्हांनी घेतं. संपादनात मालकीच जाते आणि मोबदला एकदाच मिळतो. अधिग्रहणात फक्त ताबा जातो, मालकी तुमचीच राहते आणि सरकार भाडं देतं. बोलताना दोन्हीला आपण 'जमीन गेली' म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. भारत संरक्षण कायदा 1939 खालच्या नियम 75अ ने सरकारला अधिग्रहणाचा अधिकार होता. विकत घेतलेल्या जमिनीचं कोणी भाडं देत नाही. म्हणजे 1949 पर्यंत तरी ही जमीन तुमच्या आजोबांची होती, असं मी कोर्टात म्हणेन.

1949 नंतर काय झालं? तो युद्धकाळचा कायदा 1946 च्या सप्टेंबरअखेर संपला. ताबा चालू ठेवायला 1947 चा कायदा आला, मग 1952 चा स्थावर मालमत्ता अधिग्रहण व संपादन कायदा. या 1952 च्या कायद्याच्या कलम 7 मध्ये मेख आहे. अधिग्रहित जमिनीवर सरकारने स्वतःच्या खर्चाने बांधकाम केलं असेल, किंवा ती पूर्वीसारखी करून द्यायचा खर्च अवाच्या सवा होणार असेल, तर सरकार ती कायमची संपादित करू शकत होतं. मुरूम दाबून, खडी-काँक्रीट ओतून केलेली धावपट्टी या वर्णनात अगदी चपखल बसते. तेव्हा 1949 नंतर कधी संपादनाची अधिसूचना निघाली का आणि आजोबांना नुकसानभरपाई मिळाली का, हे आधी शोधायचं.

त्यासाठी आजचा सातबारा पुरणार नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्या गटाचा जुना सर्व्हे नंबर आणि ज्या फेरफाराने आजोबांचं नाव कमी झालं त्याची नक्कल काढा. भूमी अभिलेख कार्यालयात कमी-जास्त पत्रक, म्हणजे जमिनीचं क्षेत्र बदलल्याची नोंद, मागा. संपादन रीतसर झालं असेल तर ते सहसा निघतंच. चाळीसच्या दशकातल्या नोंदी बहुधा मोडीत असतील, पण पुण्यात मोडी वाचणारे मिळतात. दुसरीकडे, माहिती अधिकारात रक्षा संपदा अधिकाऱ्यांकडे (लष्कराच्या जमिनी सांभाळणारं कार्यालय) मिलिटरी लँड रजिस्टरमधल्या त्या जमिनीच्या नोंदीची प्रत मागा. छावणीबाहेरच्या लष्करी जमिनी त्यात असतात. जमीन कशी मिळाली, हे त्यात लिहिलेलं असायला हवं.

संपादन झाल्याचं निघालं, तर स्पष्टच सांगतो, जमीन परत मिळायची आशा सोडा. 1996 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की संपादित जमीन उरली म्हणून ती जुन्या मालकाला परत द्यायची, असा हक्क नाही. धावपट्टीचं गोदाम झालं, गोदामाची कंपनी झाली, तरी फरक पडत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात न वापरलेली जमीन परत करण्याची तरतूद आहे, पण ती त्याच कायद्याखाली घेतलेल्या जमिनींपुरती.

संपादनाचा कागदच निघाला नाही तर मात्र मजा आहे. जुनी अधिग्रहणं कायमची चालू ठेवायची मुभा सरकारला नव्हती. त्यांची मुदत वाढत वाढत 1987 च्या मार्चपर्यंत आली आणि संपली. त्यानंतरचा ताबा कशाच्या आधारावर, याचं उत्तर सरकारने द्यायचं. सातबारावरचं नाव महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे खरं धरलं जातं, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच, आणि सातबारा मालकी देत नाही. सरकार म्हणेल, उघड ताब्याला बारा वर्षं उलटून गेली, जमीन आमची झाली. 2020 साली हिमाचल प्रदेशातल्या एका वृद्ध विधवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. 1967-68 मध्ये रस्त्यासाठी तिची जमीन प्रक्रियेशिवाय घेतली होती. एवढ्या वर्षांनंतरही उशिराची सबब न ऐकता भरपाई द्यायला लावली. पण भरपाईच, जमीन नव्हे. तुम्हीही तेवढीच अपेक्षा ठेवा. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल. पुण्याला खंडपीठ नाही, तेव्हा मुंबईच्या खेपा आल्याच.

इंग्लंडबद्दल तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं आहे. डॉर्सेटमधलं क्रिचेल डाउन, 725 एकर, 1938 मध्ये हवाई दलाने बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतलं. युद्धानंतर ते मूळ मालकांच्या वारसांना न देता शेती खात्याकडे गेलं. चौकशी झाली आणि 1954 मध्ये कृषिमंत्री थॉमस डगडेल यांनी राजीनामा दिला. त्यातून जमीन आधी जुन्या मालकाला देऊ करण्याचे नियम आले. पण तो प्रशासकीय दंडक आहे, आणि जमीन मिळते ती आजच्या बाजारभावाने. शिवाय जागेचं रूप पार बदललं असेल तर देऊ करण्याचीही सक्ती नाही.

दाव्यात आजोबांचे सगळे वारस लागतील, आत्यासुद्धा. त्यांना आत्ताच विश्वासात घ्या. आणि 'तीस टक्के द्या, जमीन सोडवून देतो' म्हणत कोणी कुलमुखत्यारपत्र पुढे केलं तर सही करू नका. तुमच्या गावात असा माणूस याआधीच फिरून गेला असेल.

फेरफाराची नक्कल हाती आली की पाठवा. मोडीत असली तरी चालेल.