वाचकांचे प्रश्न : दोन नाग आणि सूर्य असलेला बिल्ला

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला सापडला. त्यावर दोन नाग आणि मध्ये सूर्य आहे. मागे दोन कड्या असून एक तुटलेली आहे. पणजोबा संस्थानी फौजेच्या चौथ्या पलटणीत होते, असे घरात सांगतात. बिल्ला त्याच पलटणीचा असेल का, आणि तो घासून लख्ख करावा का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नाग आणि सूर्य हे शिंदे घराण्याचे राजचिन्ह असल्याने बिल्ला ग्वाल्हेर संस्थानाचा ठरतो, पलटण मात्र त्यावरून ठरत नाही. हे चिन्ह फौजेपुरते नव्हते, त्यामुळे चपराशाच्या पट्ट्यावरची चपरासही (म्हणजे ओळखीचा पितळी बिल्ला) पुष्कळदा लष्करी बिल्ला म्हणून विकली जाते.

आधी बिल्ला उलटा करून पाहावा. ठशाने मारलेल्या पातळ पत्र्यात पुढचा उठाव मागे खोलगट उमटतो. ओतीव बिल्ल्याची पाठ सपाट किंवा खरबरीत असते, बारीक छिद्रे दिसतात आणि नागाच्या खवल्यांच्या रेषा बोथट होतात. शिवाय मूळ बिल्ल्यावरून साचा घेतला असल्यास, धातू थंड होताना आकसत असल्यामुळे, नक्कल किंचित लहान भरते. तरीही ओतीव म्हणजे बनावट, असा निकाल देण्याची घाई करू नये, कारण आपल्याकडच्या कारागिरांनी त्या काळीही बिल्ले ओतून दिलेले आहेत. तुटलेल्या कडीच्या जागचा डाख (जोड देणारा धातू) भोवतालच्या पितळाइतकाच काळवंडलेला असेल, तर ती जुनी खूण समजावी आणि नवी कडी बसवू नये.

चिंच, लिंबू, राख यांपैकी काहीही लावू नका. शिपाई स्वतः बिल्ला नित्य घासत असे. म्हणून नागांच्या फणा गुळगुळीत आणि खाचा काळसर, ही झीज खरेपणाच्या बाजूने बोलते, आणि ती एकदा पुसली गेली की परत येत नाही. मऊ, कोरडा ब्रश पुरेसा आहे.

पलटणीचा शोध कागदांतच लागेल. चौथी ग्वाल्हेर इन्फन्ट्री विलीनीकरणानंतर कुमाऊँ रेजिमेंटची १४वी बटालियन झाली आणि पुढे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीत गेली, त्यामुळे इतिहास शोधताना ही तिन्ही नावे हाताशी ठेवावीत. घरातील पेन्शनचे कागद, निवृत्तीचा दाखला आणि गणवेशातील छायाचित्र आधी काढा. छायाचित्रात बिल्ला साफ्यावर आहे की खांद्यावर, हेही नोंदवा. पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल असल्यास त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर संस्थानी फौजांच्या नोंदी घरबसल्या शोधता येतात.

परदेशातील एखाद्या संग्राहकाने मागितला, तर पाठवण्यापूर्वी १९७२चा पुरावस्तू कायदा पाहावा : शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.